आतून लावायची कडी

मी एक जुनी कडी आहे मित्रांनो, आणि तीही संडासाच्या दाराची. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिथलीच आहे.

मी राहते नेदरलँड्समध्ये, न्यूनेनला, आइंडहोव्हनच्या शेजारी. इकडच्या घरांत पुढच्या दारातून आत शिरलं, बूट काढले, की समोर संडास. बैठकीच्या इतका जवळ, की आत बसून बाहेरच्या गप्पांत भाग घेता येतो. म्हणून इथे माझ्यासारख्या कडीला फार मान. आतल्या बाजूला माझी एक गोल मूठ आहे. बाहेरच्या बाजूला बोटभर खिडकी. मूठ फिरवली की खिडकीत लाल रंग येतो, उलटी फिरवली की हिरवा. लाल म्हणजे कोणीतरी आहे, हिरवा म्हणजे कोणी नाही. मला एवढंच बोलता येतं, पण हे बोलणं सगळ्या देशांत कळतं. खिडकीखाली एक खाच आहे. आत कोणी अडकलंच, तर बाहेरून नाणं घालून मला उघडता येतं.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या ढीगभर बहिणींबरोबर मी खोक्यातून आले आणि या दारावर बसले. पहिली मालकीण डच आजी होती. ती दर शनिवारी मला फडक्यानं पुसायची आणि "शाब्बास" अशा अर्थाचं काहीतरी म्हणायची. आजी वृद्धाश्रमात गेली, आणि पुण्याहून आशुतोष आणि मंजूषा आले. आशुतोष चिप बनवायच्या मशिनवर काम करतो. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक चूकसुद्धा त्याला खपत नाही. पण माझा एक स्क्रू वर्षानुवर्षं ढिला होता, तो काही त्याला दिसला नाही.

मंजूषानं आल्या आल्या आत झाडांना पाणी घालायची प्लास्टिकची झारी आणून ठेवली. कशासाठी, ते तुम्हाला कळलंच असेल. डच पाहुण्यांना मात्र कळेना. बाहेर आले की विचारायचे, "झाडं कुठेयत?" शेवटी बिचारीनं आत एक मनीप्लांट लावला. मित्रांनो, या घरात खरं बोलण्यापेक्षा झाड वाढवणं सोपं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांची मुलगी हिमानी माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली. घरात खिडक्यांना पडदे नाहीत, कारण शेजाऱ्यांकडेही नाहीत. स्वयंपाकघर उघडं. आणि हिमानीच्या खोलीला कडी नाही, कारण मंजूषाचं म्हणणं, "आपल्यात मुलांच्या खोलीला कड्या नसतात. काय लपवायचंय एवढं?" त्यामुळे अख्ख्या घरात हिमानीला स्वतःची म्हणून एकच जागा होती, आणि तिची राखणदार मी. परीक्षेत नापास झाली की ती इथे रडायची. मैत्रिणीशी भांडण झालं की इथे बसून मेसेज लिहायची, खोडायची. मी मूठ घट्ट धरून लाल होऊन उभी.

आणि एक सांगते. इतकी वर्षं मी त्या दारावर आहे, पण आत एकदाही बघितलेलं नाही. ऐकू येतं, त्याला इलाज नाही. पण बघायचं नाही, हा आमच्या जातीचा नियम आहे.

तर ऐकू आलं ते असं. हिमानीच्या शाळेतली मुलंमुली सुट्टीत मलावीला जाणार होती. तिथल्या एका खेड्यात मुलींची शाळा बांधायला मदत करायची. विटा उचलायच्या, रंग द्यायचा, फोटो काढायचे. जायच्या आधी प्रत्येकाला तिथली एक मैत्रीण जोडून दिली होती. हिमानीची मैत्रीण चिसोमो. दोघी इंग्रजीत बोलायच्या. हिमानी झाकणावर बसून, चिसोमो तिकडे झाडाखाली उभी राहून. मागे शेळ्या ओरडायच्या.

एकदा हिमानीनं विचारलं, "नव्या शाळेत तुला काय हवंय?"

मला वाटलं, आता ही कॉम्प्युटर म्हणणार. चिसोमो म्हणाली, "कडी."

"कडी?"

"संडासाला दार आहे. कडी नाही. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. मग मुलगे दगड मारतात. त्यापेक्षा आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही. आणि ते चार दिवस तर शाळेत येतच नाही. माझी बहीण अशीच घरी बसायला लागली आणि मग घरीच राहिली." मग ती म्हणाली, "आतून लावायची हवी. आतून."

हिमानीनं माझ्यावर हात ठेवला.  "मी आणते," ती म्हणाली. "प्रॉमिस."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझा किती अभिमान वाटला म्हणून सांगू! मला वाटलं, आपल्या बहिणी आता आफ्रिकेत जाणार.

पण मध्ये मराठी मंडळ आलं.

मंडळाचे अध्यक्ष जयप्रकाशकाका. तेही इंजिनिअर. माणूस मनानं चांगला, फक्त कुठलीही गोष्ट साधी राहिली की त्यांना वाईट वाटतं. मुलांच्या मदतीसाठी मंडळानं जेवण ठेवायचं ठरवलं, आणि बैठक आमच्याच घरी बसली. पहिला वाद बॅनरवर. शाळेत वर्गखोली आणि संडास दोन्ही बांधायचे होते.

"बॅनरवर संडास नको," एक काकू म्हणाल्या. "खाली जेवणाची पंगत आणि वर हे?"

"शौचालय लिहू."

"ते जरा सरकारी वाटतं."

"स्वच्छता सुविधा?"

शेवटी बॅनरवर 'ज्ञानमंदिर' लिहिलं आणि वर कमळ काढलं.

मग हिमानी उठली. "काका, देअर इज जस्ट वन थिंग. त्यांना लॅचेस हव्यात. आतून लावायच्या. आपण बॅगेतून नेऊ शकतो."

"कडी?" जयप्रकाशकाकांनी चष्मा काढला. "बेटा, जगातल्या सगळ्यात भारी चिपची मशिनं बनवणारी माणसं या खोलीत बसलीयत. आणि आपण आफ्रिकेला कडी पाठवायची? कडी गंजते, तुटते. कडी जुनी झाली."

मी समोरच होते. पण आम्हाला कोण विचारतंय.

"मग?" हिमानी म्हणाली.

"सेन्सर!" आशुतोष ओरडला. त्याचे डोळे चमकले. "छोटा सोलर सेन्सर. आत हालचाल झाली की बाहेर लाल दिवा. नाही तर हिरवा. हात लावायलाच नको."

"टचलेस," जयप्रकाशकाका म्हणाले. "व्वा."

"पण बाबा, चिसोमो म्हणाली..."

"अगं, चिसोमोला माहीतच नाहीये की असं काही मिळू शकतं!"

जेवणाच्या दिवशी सगळ्यांना ते यंत्र दाखवायचं ठरलं. कुठे दाखवणार? आमच्याच दारावर. आदल्या दिवशी आशुतोषनं मला उतरवलं. ढिला स्क्रू एका झटक्यात निघाला. तेव्हा मात्र त्याला तो दिसला. मला एका स्टीलच्या वाटीत टाकलं आणि वाटी बुटांच्या स्टँडवर ठेवली. माझ्या जागी भोकातून एक वायर निघाली आणि वर दिवा बसला. आयुष्यात पहिल्यांदा मी दार बाहेरून बघितलं. माझी जागा अगदी पडलेल्या दातासारखी दिसत होती.

यंत्राचा पहिला मान जयप्रकाशकाकांना. ते आत गेले, लाल दिवा लागला, आशुतोषनं टाळ्या वाजवल्या आणि तो क्वार्क आणायला दुकानात गेला. इकडे चक्का मिळत नाही, मग श्रीखंड क्वार्कचं करतात. काका आत फोनवर मेल वाचत बसले. आता मित्रांनो, मेल वाचणारा माणूस हलतो का? नाही हलत. सेन्सरला वाटलं, गेला हा. दिवा हिरवा झाला. तेवढ्यात मंजूषा झारी भरायला आली. तिनं हिरवा दिवा बघितला आणि दार उघडलं.

"अहो वहिनी!"

"अगंबाई!"

दार धाडकन बंद. मग आतून हात हलवल्याचे आवाज यायला लागले, कारण दिवा लाल राहायला हवा ना. पण काकांचा आता दिव्यावर विश्वास उरला नव्हता. कडी नसलेल्या न्हाणीघरात आपली माणसं पूर्वीपासून जे करत आली आहेत, तेच त्यांनी केलं. मोठमोठ्यानं आवाज करायला सुरुवात केली. गाणं त्यांना येत नाही. म्हणून ते पाढे म्हणायला लागले. "बे एके बे! बे दुणे चार!" मंजूषानं स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर सुरू केला. मिक्सरमध्ये काहीच नव्हतं.

काका बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल होते. मंजूषानं चहा दिला. दोघं पावसावर बोलले. आशुतोष परत आला आणि म्हणाला, "काय, कसं काय चाललं?"

काकांनी मंजूषाकडे बघितलं, मंजूषानं मनीप्लांटच्या दिशेनं बघितलं.

"उत्तम," काका म्हणाले.

मित्रांनो, तेव्हा मी वाटीत होते. माझं तोंड वर होतं, पण मला आवाज नाही. त्या दोघांना होता.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. मंडळाची माणसं, हिमानीबरोबर मलावीला जाणारी वर्गातली मुलंमुली, त्यांच्या बाई आन्के, इकडच्या भाषेत मेव्राउ आन्के. बटाटेवडे, मसालेभात, क्वार्कचं श्रीखंड, कमळाचं बॅनर. हिमानी सकाळपासून गप्प होती. तिचं पोट दुखत होतं. तेच चार दिवस, पहिला दिवस. आईला तेवढं माहीत होतं. जेवणं सुरू असताना हिमानी गुपचूप उठली, दारापाशी आली, आणि माझ्या जागेवर हात नेला. तिथे मी नव्हते. तिनं वायरकडे बघितलं, मागे गर्दीकडे बघितलं. बराच वेळ उभी राहिली. शेवटी आत गेली. लाल दिवा लागला.

पोटात कळ आलेली मुलगी काय करते? अंग आखडून, अजिबात न हलता बसते.

बाहेर जयप्रकाशकाका उभे राहिले. हातात माइक. घर एवढंसं, पण माइक हवाच. "चला, आता आपण सगळे मिळून प्रकल्पाचा आत्मा बघू या!" सगळे ताटं हातात घेऊन संडासासमोरच्या बोळात आले. मुलांनी फोन वर धरले. आशुतोष अभिमानानं दाराशेजारी उभा. दिवा हिरवा होता.

मागून मंजूषा पुढे घुसायला लागली. "अहो, थांबा, एक मिनिट, हिमू कुठाय..."

"बघा! हिरवा. म्हणजे आत कोणीही नाही, याची शंभर टक्के खात्री!" काका म्हणाले, आणि त्यांनी दार उघडलं.

मी आत बघितलं नाही. मी बाहेर बघितलं. वड्याचा घास घेतलेलं एक तोंड तसंच उघडं राहिलं. कोणीतरी फिसकन हसलं आणि माइक घरघरत राहिला. मंजूषानं सगळ्यांना ढकलून दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. "जा ना!" ती ओरडली. "जा सगळे! काय बघताय?"

मेव्राउ आन्केनी एकेका मुलाकडून फोन काढून घेतला आणि सगळ्यांना बाहेर बागेत नेलं. माणसं बुटांचे बंद न बांधताच गेली. श्रीखंड तसंच राहिलं.

हिमानी मग वरच्या मजल्यावरच राहायला लागली. शाळेत जायची, यायची, खाली थांबायची नाही. शाळेतही पाणी प्यायची नाही. बाटली जशी भरून न्यायची तशी परत आणायची. मंजूषा ती बाटली ओतून द्यायची आणि सिंकपाशी उभी राहायची. चिसोमोचे फोन यायचे, हिमानी उचलायची नाही. आणि एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मी मलावीला जात नाहीये. त्यांच्याबरोबर नाही."

"अगं, ते विसरले असतील," आशुतोष म्हणाला.

"बाबा, यू डोन्ट गेट टु से दॅट."

तो ताटावरून उठला, वाटी घेतली आणि मला परत दारावर बसवलं. या वेळी स्क्रू इतका आवळला की मला कळ आली. 

एका दुपारी जयप्रकाशकाका आले. हिमानी शाळेतून येऊन नेमकी आत होती, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच खाली. काका जिन्याच्या पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून.

"हिमानी, मी बाहेर बसलोय. बघत नाहीये. एक सांगायचंय."

माझी खिडकी लालच राहिली.

"आदल्या दिवशी माझ्यावरही दार उघडलं होतं. मी आत असताना."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"मला माहीत होतं की ते यंत्र चालत नाही. मी सांगितलं नाही. लाज वाटली. मी अध्यक्ष, आणि काय सांगू की मी आत बसून हात हलवत पाढे म्हणत होतो?"

मग आतून आवाज आला. "कुठले पाढे?"

"शेवटी एकोणतीसचा."

"व्हाय ट्वेंटी-नाइन?"

"त्याच्या आधीचे सगळे म्हणून झाले होते."

आतून एक आवाज आला. हसण्याचा होता की रडण्याचा, मला इतकी वर्षं ऐकूनही कळलं नाही. मग ती म्हणाली, "काका, तुम्ही त्या दिवशी बाहेर आल्यावर बोलला असतात ना, तर माझं काहीच झालं नसतं."

"हो," काका म्हणाले. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. आतापर्यंतच्या बैठकांमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं.

"मग आता कड्या घ्या. आमच्या दारावर आहे तशाच. आणि चिसोमोला द्या. मी येणार नाही."

काका तिथूनच बाउमार्क्टला गेले, म्हणजे इकडच्या बांधकामाच्या सामानाच्या दुकानात. माझ्या बहिणींचं अख्खं खोकं आणलं. तिकडच्या शाळेच्या भिंतीवर काढायच्या कमळाचे रंग मुलांच्या बॅगेतून बाहेर काढले आणि खोकं आत ठेवलं. मुलं गेली. हिमानी खिडकीत उभी राहून पावसात भिजणाऱ्या सायकली बघत राहिली.

तुम्हाला वाटलं असेल, संपली गोष्ट. मलाही वाटलं होतं.

काही दिवसांनी चिसोमोचा फोन आला. हिमानीनं माझ्यावर हात ठेवून मूठ फिरवली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. हल्ली ती तसंच करते. मग फोन उचलला.

"तुझ्या मित्रांनी कड्या बसवल्या," चिसोमो रागानं म्हणाली. "उलट्या!"

झालं असं होतं की कडी कशी दिसते हे बघायला त्या मुलांनी माझा फोटो नेला होता. फोटो बोळातून काढलेला. त्यात रंगाची खिडकी बाहेर दिसते, एवढं खरं. पण बसवताना तो फोटो कोणी बघितलाच नाही. मुलांना खोक्यातली गोल मूठ मिळाली, आणि त्यांना वाटलं, मूठ म्हणजे दार उघडायची, मग ती बाहेरच हवी. खिडकी उरली, ती आत लावली. त्यामुळे मलावीतल्या त्या शाळेत आत बसलेल्या मुलीला आपण आत आहोत हे रंगावरून कळत होतं, आणि बाहेरचा कोणीही तिला कोंडू शकत होता. पहिलीतल्या दोन कारट्यांनी पहिल्याच दिवशी चिसोमोला कोंडलं. खाचेत घालायला तिच्याकडे नाणं नव्हतं. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. आणि मुलांनी? मुलांनी दाराबरोबर फोटो काढले आणि ती परत निघालीसुद्धा. जन्मभर ज्यांच्या दाराला कडी असते, ते तिच्याकडे कशाला बघतील?

हिमानी रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "स्क्रू-ड्रायव्हर आहे?"

"सुरी आहे."

"चालेल. हे बघ."

मित्रांनो, मग माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आला. हिमानीनं फोन माझ्या अगदी जवळ धरला. "ही मूठ. ही आत. तुझ्या हाताला लागली पाहिजे." मग तिनं दार उघडलं आणि माझी दुसरी बाजू दाखवली. "आणि हा रंग बाहेर. त्यांच्यासाठी." बोळात मंजूषा उभी होती. हिमानीनं तिला बघितलं, आणि दार लावून न घेता काम चालू ठेवलं. मंजूषानं पुढे होऊन फोन धरला, म्हणजे हिमानीला दोन्ही हात मोकळे मिळतील. तिकडे सुरी घसरत होती, चिसोमो तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, शिव्याच असणार. शेळ्या ओरडत होत्या. दोन मुली दार धरून उभ्या होत्या, आणि या वेळी ते धरणं शेवटचं असणार होतं.

"झालं," चिसोमो म्हणाली. "मी आत जाते." तिनं फोन बाहेरच्या मुलीच्या हातात दिला.

दार बंद झालं. आणि इकडे, समुद्रापलीकडे, मला माझ्या बहिणीचा आवाज ऐकू आला. खट्. खिडकीत लाल आलं.

एका मुलीनं दार ओढून बघितलं. उघडलं नाही. सगळ्या ओरडल्या. मग त्या वाट बघत राहिल्या. चिसोमो बाहेर येईना.

"काय झालं?" हिमानीनं घाबरून विचारलं. "अडकली का?"

बाहेरच्या मुलीनं दारावर टकटक केली आणि काहीतरी विचारलं. आतून उत्तर आलं, आणि ती मुलगी हसायला लागली.

"ती म्हणते, काही काम नाहीये. नुसती बसलेय."

हिमानी खाली जमिनीवर बसली. मंजूषाही शेजारी बसली, फोन हातात तसाच. त्या दोघी बराच वेळ लाल रंगाकडे बघत होत्या.

हिमानी अजूनही मला दोनदा ओढून बघते. पाहुणे आले की अजूनही कमी पाणी पिते. ते माझ्यानं दुरुस्त होण्यासारखं नाही. पण तिच्या खोलीच्या दारावर आता एक नवी कडी आहे. मंजूषानं स्वतः बसवली. जरा वाकडी बसलीय, पण आतून लागते.

तर मित्रांनो, मला तेल घातलं नाहीत तरी चालेल. फडकंही नको. फक्त दार उघडायच्या आधी टकटक करा. रंग हिरवा असला तरी करा. आणि तुमच्यावर कधी दार उघडलं गेलं, तर बाहेर येऊन लगेच सांगा, कितीही लाज वाटली तरी. तुमच्यामागे रांगेत कोण उभं आहे, ते तुम्हाला आतून दिसत नाही.